हत्तीला अंगठा लागतो

पोस्टर कलर फार पातळ झाला तर हत्तीचे चारही पाय एकमेकांत मिसळतात. बाटलीतून काढला तसाच घट्ट घेतला तर हात उचलताना कागदही हाताला चिकटून वर येतो. धिरड्याच्या पिठाइतका सैल रंग हवा, आणि तो दर वेळी नव्याने कालवावा लागतो, कारण पावसाळ्यात तासभर ओला राहणारा रंग मार्चमध्ये ताटलीतच सुकायला लागतो. बालवाडीत वीसेक वर्षं मी मुलांच्या हातांचे ठसे घेऊन त्यांचे प्राणी करत आले. या कामाबद्दल कुणी विचारलं की मी आधी रंगाबद्दलच बोलते. बाकीचं ज्याचं त्याला हळूहळू कळतं.

रंग हाताला लावायच्या दोन पद्धती. ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर रंग ओतायचा आणि मुलाने हात दाबायचा, ही एक. ब्रशने तळव्याला रंग फासायचा, ही दुसरी. स्पंजने काम लवकर होतं, वीस मुलांचा वर्ग तासाभरात आटोपतो. ब्रशने गुदगुल्या होतात. मूल खिदळतं, मूठ मिटतं, पुन्हा उघडतं, रंग बोटांच्या बेचक्यांत जातो आणि रांगेतली पुढची चार मुलं कंटाळून एकमेकांना ढकलायला लागतात. तरीही मी ब्रशच वापरते. तळव्यावरून ब्रश फिरताना मुलाचं सगळं लक्ष स्वतःच्या हातावर एकवटलेलं असतं. आपल्या हाताकडे इतकं निरखून पाहायची वेळ एरवी येते कुठे? एकदा एका मुलीने माझ्याकडून तीनदा ब्रश फिरवून घेतला, तीनदा हात धुतला आणि कागदाला हात न लावताच घरी गेली. तिच्या दृष्टीने काम झालं होतं.

मग ठसा. हात कागदावर टेकला की मुलाला तो फिरवायचा असतो, कारण रंग म्हणजे फासायची वस्तू. मी एका हाताने मनगट हलकेच धरते आणि दुसऱ्या हाताने एकेका बोटाचं टोक दाबते. करंगळी हमखास अर्धवट उमटते. हात सरळ वर उचलला गेला तर प्राणी, ओढला गेला तर चिखल. मोठ्या माणसाच्या ठशात तळव्याच्या मधोमध पांढरा डाग राहतो, तिथे खळगा असतो म्हणून. तीन वर्षांच्या मुलाचा तळवा भरदार असतो, तो बहुतेक सगळा उमटतो. पाच वर्षांचं होईतो तो डाग दिसायला लागतो. फायलीत एकाच मुलाचे जूनचे आणि मार्चचे कागद शेजारी ठेवले की पालकांना बोटांची लांबी दिसते; मला तो डाग दिसतो.

आता हत्ती. अंगठा बाजूला ताणून पंजाचा ठसा घ्यायचा आणि कागद उलटा फिरवायचा. चार बोटांचे चार पाय, अंगठ्याची सोंड, तळव्याचं पोट. एक कान, एक डोळा आणि शेपटीची रेघ काढली की झालं. कोंबडीला कागद फिरवावा लागत नाही: अंगठा म्हणजे मान, बोटं म्हणजे पिसारा. मोराला पाच-सहा ठसे पंख्यासारखे मांडावे लागतात, सिंहाच्या आयाळीला गोल फिरत जावं लागतं. कोळी अंगठ्यांशिवाय होतो, दोन तळवे एकमेकांवर आणि आठ बोटांचे आठ पाय. खेकडाही तसाच, फक्त त्याला अंगठे हवेत. मी सुरुवातीला त्या उभ्या अंगठ्यांच्या टोकांवर डोळे काढत असे, कारण ताईंच्या शिबिरात तसंच दाखवलं होतं. मासळी विकणाऱ्या बाईंचा मुलगा वर्गात आला आणि म्हणाला, "डोळे नाहीत ते, नांग्या आहेत." मोजून पाहिलं तर त्याचंच बरोबर: आठ पाय आणि दोन नांग्या, दहा बोटांचा हिशेब चोख लागतो. तेव्हापासून आमचे खेकडे नांग्यावाले.

एक गोष्ट मात्र बरीच वर्षं मला खटकत होती. मी कागद उलटा फिरवते तेव्हा मुलं मान फिरवतात. त्यांना त्यांचा हात सरळ बघायचा असतो. हत्ती मला दिसलेला असतो. मी त्याला डोळा काढते, कान काढते, मूल ते कौतुकाने बघतं आणि घरी जाऊन "ताईंनी हत्ती काढला" असं सांगतं. खरंच सांगतं. ठसा मुलाचा आणि प्राणी ताईंचा, अशी ही वाटणी आहे. भिंतीवर एका ओळीत लावलेल्या वीस हत्तींकडे पाहिलं की ती लगेच कळते. सगळे हत्ती एकाच दिशेला तोंड करून, सगळ्यांना एकसारखा डोळा.

बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात आम्हाला व्हिक्टर लोवेनफेल्ड होता. 1947 च्या त्याच्या पुस्तकात छापील चित्रं रंगवून घेण्यावर कडक टीका आहे. मुलाने स्वतः काढायच्या आधीच त्याच्या हातात मोठ्यांनी काढलेला कुत्रा दिला, तर आपल्याला तसा जमत नाही एवढंच तो शिकतो, असा त्याचा सूर. ही टीका ठशांच्या प्राण्यांना लागू पडते का, यावर आम्ही बालवाडीताई पुष्कळ वाद घालतो. माझ्या काही मैत्रिणी हा प्रकार करतच नाहीत. गॅदरिंगच्या भिंती सजवण्यासाठी मुलांचे हात वापरणं, असं त्या म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. तीन वर्षांचं मूल काढतं तेव्हा एक गोल आणि गोलातून निघालेले दोन पाय असतात, तोच बाबा, तीच आई, तोच कुत्रा. त्याच्या डोक्यात मात्र भलतंच मोठं जनावर असतं. ठशामुळे त्याला एका दमात अंग मिळतं, पोट मिळतं, पाय मिळतात. त्यानंतर त्याच्या हातात खडू द्यायचा की आपणच पुढे सरसावायचं, वादाचा मुद्दा खरं तर एवढाच आहे.

मला याचा उलगडा एका मिटलेल्या मुठीमुळे झाला. वर्गात एक मुलगा होता, त्याला ओलं काही चालत नसे. कणीक नाही, माती नाही, रंग तर नाहीच. भाताला हात लावायलाही तो घाबरायचा, आई चमच्याने भरवायची. अशी मुलं दरवर्षी एखाददुसरी असतात. त्यांच्यावर बळजबरी करायची नाही हे मला ठाऊक होतं, त्यामुळे ठशाच्या दिवशी तो खिडकीशी बसून बघायचा. गौरी यायच्या आदल्या आठवड्यात त्याची आजी त्याला सोडायला आली होती. मुलांचा गोंधळ पाहून ती म्हणाली, "अहो, मूठ उघडत नाही तर मुठीचंच करा की. गौरीची पावलं आपण कशाने काढतो?"

आमच्याकडे गौर आणताना दारापासून देव्हाऱ्यापर्यंत पावलं उमटवतात. हात मुठीसारखा वळायचा, करंगळीकडची बाजू ओल्या पिठात किंवा कुंकवाच्या पाण्यात बुडवून जमिनीवर टेकायची, आणि मग बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके. पाऊल तयार. दिवाळीत लक्ष्मीची पावलंही कितीतरी घरांत अशीच निघतात. आजीने ताटलीत मूठ बुडवली आणि कागदावर एक पाऊल काढलं. मुलगा खिडकीपाशी उठून उभा राहिला. दुसरं पाऊल तिने जरा पुढे काढलं, तिसरं कागदाच्या कडेशी. मग त्याने आपली मूठ तिच्या हातात दिली. तळवा झाकलेला, बोटं आत सुरक्षित, रंग फक्त कडेला. त्याने पावलं काढली, त्यांवर ठिपके मात्र आजीला काढायला लावले आणि पाचाऐवजी चारच काढायला सांगितले. कागद संपला तशी पावलं बाकावर गेली.

"कुणाची रे पावलं?" मी विचारलं.

"वाघाची."

"आणि वाघ कुठे आहे?"

"गेला."

वर्गात तोवर केलेल्या सगळ्या प्राण्यांत मला तो वाघ सरस वाटला, आणि तो कागदावर नव्हताच. मी त्याला डोळा काढू शकत नव्हते. त्या दिवशी मी कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: "वाघ गेला." तेव्हापासून ही सवय लागली. ठसा झाला की कागद मुलासमोर ठेवायचा, सगळ्या बाजूंनी फिरवून बघू द्यायचा आणि ते जे म्हणेल ते मागे त्याच्याच शब्दांत लिहायचं. डोळा काढायचा तर खडू त्याच्याकडे. काही जण डोळा काढतच नाहीत. काही जण सात काढतात. एकीने पंजाच्या ठशाला "मम्मी" म्हटलं, आणि कुठला प्राणी म्हणून मी विचारल्यावर माझी कीव करत पुन्हा "मम्मी" म्हटलं.

मुठीवाला मुलगा पुढे महिनाभर मुठीवरच राहिला. मग एक बोट निघालं, सुरवंटासाठी. अंगठ्याचे ठसे एका ओळीत मारले की सुरवंट होतो, हे त्याने दुसऱ्या मुलाचं बघून केलं. अख्खा पंजा त्याने माझ्याकडे असेपर्यंत कधीच दिला नाही. मला त्याची हुरहूर नाही.

मध्यंतरी दोन हंगाम मी एका संस्थेच्या साखरशाळेत काम केलं. कोल्हापूर-सांगलीकडच्या एका कारखान्याच्या आवारात, बीडहून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांमध्ये. नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे अंधारात फडावर जायचे, आणि मागे कोप्यांत म्हातारी माणसं, पोरं आणि बैलांचा रवंथ. मळीचा वास सगळ्याला. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची आणि गुरं राखणाऱ्यांसाठी थेट कुरणात भरवायची, हे त्यांचं म्हणणं अभ्यासक्रमात वाचलेलं होतं. प्रत्यक्षात ते म्हणजे पाचटाच्या गंजीशेजारी सतरंजी टाकून बसणं.

तिथे मी पहिल्या आठवड्यात रंग नेले आणि पहिल्याच मुलाने हात मागे घेतला. चरचरतंय म्हणाला. बघितलं तर तळव्यावर आणि बोटांच्या पेरांवर बारीक बारीक चिरा होत्या. उसाच्या पानाची कड कापते. चार वर्षांचा पोरगा बैलांपुढे वाढं टाकत होता, तान्ह्या बहिणीला कडेवर घेऊन. त्यांच्या हातांना बाटलीतला रंग लावायचा नाही, हे तिथल्या तिथे ठरलं. गेरू आणला, पाण्यात कालवला, आणि ज्यांच्या हाताला चिरा त्यांनी हात न भरता बोटाने किंवा चिंधीच्या बोळ्याने उमटवायचं असं केलं. गेरू ओळखीचा निघाला. पोळ्याला बैलांच्या अंगावर तोच असतो.

एका मुलीचा हात धडधाकट होता. तिचा पंजा घेतला, कागद उलटा केला आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ, हत्ती."

"ह्यो हत्ती न्हाई. बैल हाय."

"सोंड आहे बघ त्याला," मी अंगठा दाखवला.

"शेपूट हाय ती. तोंड हिकडं." तिने करंगळीच्या बाजूला बोट ठेवलं आणि गेरूतच बोट बुडवून दोन शिंगं काढली. वर, मागे वळलेली. मग त्या बैलाच्या पोटावर तिने आणखी एक हात मारला, आधीच्या ठशावरच, आडवा. चित्र बिघडलं असं मला वाटलं. पण ती थापा मारत होती. पोळ्याला बैल सजवताना त्याच्या पाठीवर, पोटावर हाताचे थापे उठवतात, आणि थाप्याशिवाय बैल हा सजलेला बैल नव्हे. हाताचा बैल आणि बैलावर हात. मग तिथल्या सगळ्यांनी बैलच केले. नावानिशी, सर्जा आणि राजा; कुणाचा लंगडतो, कुणाचा मारका. माझ्याकडे शिबिरातून आणलेला नमुन्यांचा तक्ता होता, त्यात जिराफ, ऑक्टोपस, फ्लेमिंगो होते. बैल नव्हता.

तो तक्ता मी नंतर वापरला नाही. शहरातल्या मुलांनाही कबुतर, भटकी कुत्री आणि पाल जास्त ओळखीची असते. पालीला हाताचा ठसा फार चांगला लागतो, पण पालकांना ती फायलीत नको असते.

शहरात परतल्यावर नैसर्गिक रंगांचा उत्साह माझ्या अंगात होता. हळद, बीट, पालक. बीटाचा रंग दोन दिवसांत तपकिरी पडतो, पालकाचा वास येतो, हळद मात्र उत्तम. पिवळे सिंह झाले, कागद वाळत घातले, मुलं हात धुवायला गेली आणि मोरीतून किंकाळी आली. साबण लावल्याबरोबर एका मुलीचे हात लाल झाले होते. "रक्त, रक्त" म्हणून तिच्याबरोबर चौघी रडायला लागल्या. हळद साबणाच्या, सोड्याच्या किंवा चुन्याच्या संगतीत लाल होते, आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. ज्यांच्या घरी हळदीला चुना लावून कुंकू केलेलं पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. मावशींनी डब्यातलं लिंबू पिळून मुलीचा हात पिवळा करून दाखवला तेव्हा रडणं थांबलं आणि लिंबासाठी रांग लागली. संध्याकाळी दोन आया भांडायला आल्या, युनिफॉर्मवरचे डाग घेऊन. हळदीचे डाग उन्हात उडतात हे सांगून त्यांची समजूत निघाली नाही. आता आम्ही हा प्रकार मुद्दाम करतो, पण युनिफॉर्मवर बाबांचा जुना शर्ट उलटा घालून, बटणं पाठीकडे. पिवळ्या सिंहावर मुलं साबणाचं पाणी लावतात आणि तो लाल होतो. त्या वेळी वर्गात सिंहाला राग आलेला असतो.

पालकांशी या कामात सतत गाठ पडते. त्यांचं म्हणणं साधारण दोन प्रकारचं. काहींना ठसा आठवण म्हणून हवा असतो, फ्रेममध्ये, तारखेसह. म्हणून तो स्वच्छ हवा असतो. आणि बऱ्याच जणांना हा वेळेचा अपव्यय वाटतो: "लिहायला कधी घेणार?" या दुसऱ्यांना मी मनगटाबद्दल सांगते. मनगटात आठ हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा त्यांतलं एकही हाड झालेलं नसतं, सगळी कूर्चा असते. एकेक करत ती पक्की होतात आणि शेवटच्याला नऊ-दहा वर्षं किंवा त्याहून अधिक लागतात. तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन "अ" गिरवून घेणारी शाळा काय मागते आहे ते यावरून समजावं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला. कागदावर आम्ही जिंकलो. शेजारच्या गल्लीतल्या नर्सरीत मात्र अजून चार रेघी वही आहे आणि आमच्याकडून दरवर्षी तिथे काही मुलं जातात.

पहिल्या प्रकारच्या पालकांसाठी आम्ही वर्षातून एकदा आई-बाबांना बोलावतो. मुलाच्या ठशाशेजारी त्यांचा ठसा. आमची बालवाडी औद्योगिक वसाहतीला लागून आहे, बाबालोक शिफ्ट संपवून येतात. त्यात एक बाबा मागे उभे होते, उजवा हात खिशात. प्रेसवर काम करणाऱ्या भागात राहिल्यावर खिशातल्या हाताचा अर्थ कळतो. मी त्यांना बोलावलं नाही. त्यांची मुलगी गेली, शर्ट ओढत घेऊन आली आणि खिशातून हात तिनेच बाहेर काढला. अनामिका मुळापासून नव्हती आणि मधल्या बोटाचं पेर गेलेलं. इतर पालकांनी माना वळवल्या. मुलांनी नाही वळवल्या, एकाने सरळ विचारलं, "दुखतं का?" "आता नाही," ते म्हणाले.

मुलीने ब्रश घेतला आणि सावकाश रंग लावला. जिथे बोट नव्हतं तिथेही ब्रश फिरवला. ठसा आला, तिने स्वतःच कागद उलटा केला, कारण घरच्यांना हत्तीच दाखवायचा असा आमच्या मुलांचा दंडक आहे, मी काहीही म्हटलं तरी. ती जरा वेळ बघत राहिली. एक पाय नाही, एक पाय आखूड.

"चालतोय," ती म्हणाली. "एक पाय पूर्ण उचललाय आणि एक उचलतोय."

बाकीचे वर्गातले सगळे हत्ती जागच्या जागी उभे होते, खांब रोवल्यासारखे. चालणारा तो एकच. बाबांनी कागद मागून घेतला, घडी न घालता, आणि तसाच ओला हातात धरून रात्रपाळीला गेले. मी मागच्या बाजूला लिहायची राहिले, पण ते वाक्य वर्गातल्या बऱ्याच जणांना पाठ झालं. पुढे कुणाचं बोट अर्धवट उमटलं की मुलं म्हणायची, उचललाय.

करंगळी दाबायची माझी सवय त्यानंतर कमी झाली.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर गुहेच्या भिंतीवर हाताची एक आकृती आहे, हाताभोवती रंग फवारून काढलेली. ती किमान 39,900 वर्षांपूर्वीची असल्याचं 2014 मध्ये जाहीर झालं. त्याच गुहेत बाबिरुसा नावाच्या डुकराचं चित्र आहे, तेही पस्तीस हजार वर्षांहून जुनं. मोठ्या गटाच्या मुलांना मी त्याचा फोटो दाखवते. मुलांना वर्षांचे आकडे कळत नाहीत. त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या असतात: त्यांची ताई ओरडली नाही का, आणि रंग कुणी धुतला. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्याला आहे: कुणीच नाही, म्हणून तर दिसतो. हे उत्तर दिल्यापासून आमच्या व्हरांड्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत हात उमटायला लागले. मावशी वैतागतात. संस्थेच्या बैठकीत विषय निघाला आणि रंगकाम दिवाळीपर्यंत पुढे ढकललं गेलं.

नव्या शिकाऊ ताया येतात तेव्हा त्यांना कुठल्या हाताचा कुठला प्राणी याची यादी हवी असते. मी देते. यादीशिवाय पहिला दिवस निभावत नाही, वीस मुलं आणि दहा ताटल्या समोर असतात. हत्तीला अंगठा लागतो, कोळ्याला नाही, फुलपाखराला मनगटं जुळवून दोन्ही हात, सापाला कोपरापर्यंत रंग आणि पालकांची परवानगी. दुसऱ्या आठवड्यात त्या यादीची वही मुलांच्या उंचीवर ठेवायची, म्हणजे आपोआप फाटते.

यंदा यादीचा उपयोगच नाही. यंदा डायनासोर. अर्ध्या वर्गाला त्यांची नावं पाठ आहेत आणि मला नाहीत. परवा एक साडेचार वर्षांचा मुलगा पंजा पुढे करून बसला. मी तळव्याला रंग लावायला लागले तसं त्याने अडवलं.

"सगळ्या हाताला नको. दोनच बोटांना. टी-रेक्सला दोनच बोटं असतात."

असतात खरी, मी नंतर पुस्तकात बघितलं. मी तर्जनी आणि मधलं बोट रंगवलं, त्याने ती कागदाच्या अगदी कडेला टेकवली. दोन आखूड हिरव्या रेघा, बाकी सगळा कागद कोरा.

"आणि बाकीचा डायनासोर?"

"तो मोठाय ताई. कागदात नाही मावत."

मागे पेन्सिलीने तेवढंच लिहिलं. त्याची आई फाईल न्यायला आली तेव्हा तिला वाटलं मुलाने आज काही केलंच नाही. मी कागद उलटून दाखवला. रांगेत आणखी सात जण होते आणि ताटलीतला हिरवा सुकत चालला होता.